छत्तीस पाच

सध्या माझ्या डाव्या काखेखाली, बरगडीवर, एक पट्टी चिकटवलेली आहे. दोन बोटं रुंद आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. माझ्या कातडीची ऊब तिला कळते, आणि कळली की ती आकडा होऊन माझ्या फोनमध्ये जाते, आणि तिथून बंगळूरला, माझ्या मुलाच्या फोनमध्ये. मागच्या हिवाळ्यात मला न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात काढले. अमोल धावत आला, माझ्या उशाशी बसून रडला, आणि जाताना ही पट्टी लावून गेला. "आई, आता मला तिकडून सगळं कळेल," म्हणाला. कळतं त्याला. म्हणून हल्ली फोन येत नाही.

दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला तेव्हा ओळखलंच मी, काय पाहिजे ते. नर्सबाई म्हटली की लोकांना पुराच्या पाण्यातून काढलेली बाळंतीण पाहिजे असते. तशा दोन-चार गोष्टी आहेत माझ्याकडे, पण त्या सांगून सांगून गुळगुळीत झाल्या आहेत. ह्या पट्टीचं मात्र मी आजवर धड कोणाला सांगितलं नाही, कारण त्यात चूक माझी आहे. आता निवृत्त झाले. पेन्शन कोणी बंद करणार नाही, तेव्हा सांगते.

मी चिखली तालुक्यातल्या एका उपकेंद्राची सिस्टर होते. गावाचं नाव घेत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात, आणि खेड्यात मी एकटी. लसी टोचायच्या, बाळंतपणं करायची, गोळ्या वाटायच्या, नसबंदीचं समजावून सांगायचं आणि त्याबद्दल सासवांच्या शिव्या खायच्या. शिव्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही, मीही काही कमी देत नसे. पण ह्या सगळ्यात मला माज कशाचा होता म्हणाल तर माझ्या हाताचा.

कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ तापाने जातं तसं गारठ्यानेही जातं. हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. दीड-पावणेदोन किलोच्या जिवाच्या अंगावर चरबी नसते, त्याला ऊब धरून ठेवता येत नाही. आणि गार पडलेलं बाळ रडत नाही हो. गप पडून राहतं. घरचे कौतुक करतात, किती शांत आहे, काही त्रास नाही! म्हणून आम्ही काय करतो, हाताची पालथी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावतो आणि मग तळपायाला. पोट गरम, पाय गरम, तर बाळ मजेत. पोट गरम पण पाय गार, म्हणजे बाळ थंडीशी झुंजतंय, आईच्या उघड्या छातीशी द्या. दोन्ही गार असले तर मग गाडी बोलवा.

ह्यात एक मेख आहे. आपलाच हात गार असला तर गार बाळही गरम लागतं. मी नवी नवी लागले तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर होत्या, त्यांनी माझ्या बोटांवर चापट मारून शिकवलं होतं, "पोरी, पहिले आपला हात काखेत धर. शंभर मोज. मंग लेकराले लाव." तेव्हापासून मी कोणाच्याही घरी गेले की आधी उजवा हात डाव्या काखेत घालून उभी राहायची. पोरंटोरं माझी नक्कल करायची. मी चालले की काखेत हात घालून मागे रांग लागायची. मला राग यायचा, पण हात काढायचे नाही. शंभर म्हणजे शंभर.

नोकरीचं एक वर्ष राहिलं असताना पुण्याची एक मुलगी आली. मृण्मयी. इंजिनीअर होती. केस बारीक कापलेले, पाठीवर पिशवी, आणि आमचं बोलणं ऐकताना चेहऱ्यावर असं हसू की जणू आम्ही गाणी म्हणतोय. तिने ही पट्टी आणली होती, बाळांसाठी, अजून लहान आणि अजून पातळ. आत चांदीच्या रंगाची बारीक तार, सरळ नाही, नागमोडी. बाळाने श्वास घेतला, पोट फुगलं, की तारही ताणली जाते, तुटत नाही. ऊब बदलली की तारेतली वीज जरा वेगळी वाहते, त्यावरून आकडा निघतो. घरातल्या फोनला तो मिळतो, तिथून माझ्या फोनला आणि पुण्याला. छत्तीसच्या खाली गेला, नाहीतर साडेअडतीसच्या वर चढला, की माझा फोन बोंबलतो.

"सिस्टर, ही पट्टी म्हणजे बाळाला चोवीस तास कोणीतरी हात लावून बसल्यासारखं आहे," ती म्हणाली.

"मग मी काय करू? घरी जाऊ?"

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

त्या हिवाळ्यात आम्ही आसपासच्या गावांतल्या कमी वजनाच्या बाळांना पट्ट्या लावल्या. पहिल्याच आठवड्यात एका घरून आकडा यायला लागला तेहतीस. मध्येच येई, मध्येच बंद पडे. मी स्कूटी पिटाळत गेले, तर बाळ गुटगुटीत ऊबदार, दूध पीत होतं. पट्टी कुठे? आजी ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि पट्टी तिच्या गुडघ्यावर.

"अवो सिस्टर, पोट्टीले कायले पायजे एवढी भारी पट्टी? तिचे कुठं गुडघे दुखून राह्यले? मले मात्र लय आराम पडला, बाप्पा!"

तिकडे पुण्यात मृण्मयीने तोवर त्या गुडघ्याचा आलेख काढून ठेवला होता. मी फोनवर तिला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण खरं सांगू का, त्या दिवसापासून मी पट्टीला मोजेनाशी झाले. माझा हात कधी कोणाच्या गुडघ्यावर जाऊन बसला नव्हता.

आता रशीदाबीच्या घराकडे येते.

हे घर पिंजाऱ्यांचं. पिढ्यानपिढ्या कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा धंदा. फोमच्या गाद्या आल्या आणि धंदा बसला. रशीदाबीचा नवरा गेल्यावर एकुलता एक इरफान सौदीला ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून गेला. रशीदाबी घरी बसून चार रजया शिवायची तेवढ्याच. इरफानची बायको शबाना. तिची आधीची दोन पोटं वाया गेली होती, दोन्ही माझ्याच डोळ्यांसमोर. तिसऱ्या वेळी इरफान तिकडे गेल्यावर कळलं की दिवस आहेत. सातव्या महिन्याच्या शेवटी मुलगी झाली. झोया. बुलढाण्याला काचेच्या पेटीत तीन आठवडे ठेवली, आणि घरी आली तेव्हा पावणेदोन किलोही नव्हती. माझ्या दोन तळहातांत मावायची. ऐन थंडीचे दिवस होते, सकाळी तुरीच्या शेतांवर धुकं असायचं. ही मुलगी हा हिवाळा काढते की नाही, एवढा एकच प्रश्न त्या घरात होता. तो कोणी तोंडाने काढत नव्हतं.

इरफानला करार संपेपर्यंत येता येत नव्हतं. अजून वर्षाच्या वर बाकी होतं. पट्टी लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा मला फोन आला.

"सिस्टर, मी अठीहून काय करू शकतो? कायबी नाई. फक्त इचारू शकतो. मले रोज तो आकडा सांगत जा."

आकडे बाहेर कोणाला द्यायचे नाहीत असं मृण्मयीने बजावलं होतं. मी त्याच क्षणी दिला. छत्तीस पाच.

मागे गाड्यांचे आवाज. त्यातूनच तो म्हणाला, "छत्तीस पाच म्हणजे कसं, सिस्टर? हाताले कसं लागते?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. काय सांगणार? कोमट पाणी म्हणू, की चुलीजवळची भिंत? काहीच जुळेना. मग मी म्हटलं, "इरफानभाऊ, तुम्ही आपला हात काखेत धरा. कातडीला लागू द्या. आणि शंभर मोजा."

तो मोजत होता, मला ऐकू येत होतं. शंभर झाल्यावर मी म्हटलं, "तेवढी गरम आहे तुमची लेक."

"हाव," तो म्हणाला. "लागली."

त्या दिवसापासून रोज सकाळी त्याचे दोन प्रश्न. आज कितना? आणि हाताले कसं लागलं? मी पट्टीचा आकडा सांगायची आणि मग हाताचं. त्याने मला विचारून घेतलं होतं की मी स्वतःही काखेत हात धरते का. हो म्हटलं, धरल्याशिवाय तुमच्या लेकीला शिवत नाही. त्याला ते फार आवडलं. आपण दोघं एकच काम करतो असं त्याला वाटलं असावं. मला वाटायचं, सकाळची वाट कोण जास्त पाहतं, तो की मी? माझा अमोल तेव्हा नुकताच बंगळूरला लागला होता, घर रिकामं झालं होतं, आणि रोज सकाळी माझ्याशी कोणी बोलावं अशी मलाही तहान होतीच की.

एकदा आकडा छत्तीसवर टेकला. मी खरं ते सांगितलं. नंतर शबानाने मला सांगितलं की त्या दिवशी इरफान जेवला नाही. दोन दिवसांनी दुपारी माझा फोन किंचाळला, एकोणचाळीस चार! मी ताटावरून उठून गेले. तर झोया शांत झोपलेली, कपाळ ठीक, पाय ठीक. आणि रशीदाबी शेगडीजवळ बसून ओव्याची पोटली तव्यावर गरम करत होती, आणि नातीच्या पोटावरच्या पट्टीला अलगद टेकवत होती.

"हे काय चाललंय?"

"आकडा वाढवून राह्यली."

"अहो पण कशाला? पोरगी भाजेल ना!"

"तिले नाई लावली सिस्टर, फक्त पट्टीले लावली," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "आकडा कमी झाला का माह्या पोराले तिकडं घास उतरत नाई. तो उपाशी गाडी चालवते. मी काय करू?"

मी तिला खूप बोलले. इतकं बोलायला नको होतं. पण मनात पक्कं बसलं की ह्या पट्टीवर विसंबण्यात अर्थ नाही. कधी गुडघा, कधी पोटली. हात तो हात.

आणि मग तो दिवस आला, चिल्ल्याचा. त्यांच्यात बाळंतिणीचे चाळीस दिवस झाले की आईला आणि बाळाला न्हाऊ घालतात, पाहुणे येतात, गोड भात होतो. मी आधीच सांगून ठेवलं होतं, शबानाला घाला न्हाऊ, पण पोरीला पाणी लावू नका, दोन किलोची झाल्याशिवाय नाही. "हाव सिस्टर," म्हणाल्या होत्या सगळ्या. त्या दिवशी थंडी अशी की स्कूटीवर बोटं वाकेनात. वाटेतच फोन बोंबलला. पस्तीस तीन. मी पोचले तर दारात चपलांचा ढीग, आत बायकांचा कलकलाट, चुलीवर भाताला वेलदोड्याचा वास. शबाना न्हाणीत होती. झोया तिच्या मावशीच्या मांडीवर, न्हालेली, डोळ्यांत काजळ, अंगात सौदीहून आलेला गुलाबी चकचकीत फ्रॉक.

"पाणी लावलं ना शेवटी?" मी म्हटलं.

"थोडंसंच, सिस्टर. रसम हाय ना," मावशी म्हणाली.

मी पट्टी पाहिली. ओली होती, एक कोपरा सुटलेला. झालं! पाणी लागलं, पट्टी सुटली, म्हणून आकडा खाली आला. मला आधीच राग आला होता पट्टीचा, पाण्याचा, सगळ्यांचाच, आणि त्या रागात मी उभ्या उभ्या हात पुढे केला आणि झोयाच्या पोटाला लावला. गरम लागलं. पायाला लावला. गरम. "काही नाही, ठीक आहे, गुंडाळून ठेवा," म्हटलं. कोणीतरी हातात भाताची वाटी दिली, ती उभ्यानेच खाल्ली, आणि निघताना इरफानला लिहून टाकलं, छत्तीस पाच. चाळिसाव्या दिवशी बापाला पस्तीस तीन कशाला सांगायचं? पट्टी खोटी, माझा हात खरा.

गावाबाहेर नाल्याच्या पुलावर त्याचा फोन आला. मी स्कूटी थांबवली. तो इतका खूश होता, मागे त्याचे सोबतीही हसत होते, त्यांना मिठाई वाटली म्हणे.

"हाताले कसं लागलं, सिस्टर?"

"गरम. मस्त गरम."

"काखेत शंभर मोजले होते ना?" त्याने हसत विचारलं. नेहमीची थट्टा.

तोंडात हो आलं होतं. आलं आणि तिथेच अडकलं. मोजले नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोजले नव्हते.

"मोजते," म्हणाले आणि फोन ठेवला. स्वेटरची बटणं काढून हात काखेत घातला आणि अंगावर काटा आला. माझा हात नव्हता तो, बर्फ होता. त्या हाताला काय हो, माठही गरम लागला असता!

पुलावर स्कूटी कशी वळवली ते मला आठवत नाही. दारातल्या चपला तुडवत आत गेले. झोया आता दुसऱ्या कोणाच्या मांडीवर होती, आणि ती बाई म्हणत होती, "किती शांत पोट्टी हाय, जराबी रडत नाई." मी ह्यावेळी हात काखेत धरून उभी राहिले. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. शंभर मोजायला धीर नव्हता, पण मोजले. ते शंभर मला अजून संपले नाहीत. मग पोटाला हात लावला. गार. पाय माठाच्या बुडासारखे गार. बोट ओठांशी नेलं, तिने चोखलं नाही.

"रशीदाबी, ब्लाऊजची बटणं काढा."

तिने कशासाठी ते विचारलं नाही. बायकांनी पुरुषांना बाहेर काढलं. मी तो फ्रॉक टराटरा ओढून काढला, पोरीला कोरडी पुसली, टोपी घातली, पट्टीचा कोपरा दाबून बसवला, आणि उघड्या पोरीला आजीच्या उघड्या छातीवर ठेवली. वरून रशीदाबीच्याच हातची रजई. गाडी बोलावली. शबाना ओल्या केसांनी धावत आली. तिला मी काही समजावलं नाही, वाटी दिली आणि म्हटलं दूध काढ. चमच्याने थेंब थेंब पाजलं. दोन थेंब गिळले, मग नाही, मग परत दोन. गाडी आली तसे रजईसकट आत बसलो, घरातला फोनही सोबत घेतला.

आणि मी काय पाहत होते सांगू? फोन. पट्टीचा आकडा. पस्तीस एक. पस्तीस एक. पस्तीस दोन. हात रजईखाली घालावा तर ऊब जाते, म्हणून बघायचं ते तेवढंच. जिचा मी दोन महिने हेवा केला, जिला खोटी म्हटलं, तिच्याकडे मी हात जोडून पाहत होते. गाडी बुलढाण्याच्या अलीकडे आली तेव्हा छत्तीस झाला. रजईच्या आतून आधी कुरकुर ऐकू आली, आणि मग ती रडली. रशीदाबी "या अल्ला, या अल्ला" म्हणत राहिली. मी खिडकीकडे तोंड करून घेतलं.

चार दिवस ठेवून घेतली, आणि मग घरी आली. त्या दिवशी इरफानचे अकरा निरोप येऊन पडले होते माझ्या फोनवर. मी एवढंच लिहिलं, दवाखान्यात आणली आहे, छत्तीस दोन, काळजी नको. सकाळचा आकडा खोटा होता हे नाही लिहिलं. मृण्मयीला मात्र सगळं सांगितलं, रडले तिच्याजवळ. तिने एक शब्दही सुनावला नाही. म्हणाली, "सिस्टर, तो काखेतला हात आम्हाला आधी कोणी सांगितलाच नव्हता. आम्ही कागदावर लिहायला पाहिजे होतं." पोरगी चांगली होती. मी उगीच तिच्यावर डोळे वटारत आले होते.

होळीच्या सुमारास पट्ट्यांचं काम संपलं आणि मृण्मयी सगळ्या गोळा करून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी इरफानचा निरोप, आज कितना? मी त्याला काय म्हणणार, पट्टी गेली, आता आकडा बंद? मी गेले. काखेत हात धरला, शंभर मोजले, लेकीच्या पोटाला लावला, पायाला लावला, आणि लिहिलं, छत्तीस पाच. पुढे मी निवृत्त झाले. नवीन सिस्टर आली. तरी आठवड्यातून दोनदा तरी मी जायचीच. कधी छत्तीस सहा लिहायची, कधी छत्तीस चार, जसा हाताला लागेल तसा. ते आकडे कोणत्या रजिस्टरात नाहीत. पण काखेत शंभर मोजल्याशिवाय एकही दिला नाही, एवढं मी शपथेवर सांगते.

करार संपला आणि इरफान आला, तेव्हा झोया चालायला लागली होती. मला मुद्दाम बोलावलं होतं. चिखलीहून जीप आली, तो उतरला, आणि झोया आजीच्या मागे लपली. त्याने हात पुढे केले तर किंचाळायला लागली. शबाना म्हणाली, "अगं अब्बा हाय, अब्बा!" पण तिला काय ठाऊक अब्बा म्हणजे कोण? इरफानचं तोंड इतकंसं झालं. मला वाटलं आता हा रडतो.

तो रडला नाही. ओट्यावर बसला. सदऱ्याचं बटण काढलं, हात काखेत घातला, आणि हळूहळू मोजायला लागला. झोया पदराआडून पाहत होती. मग तिनेही आपला चिमुकला हात काखेत घातला. सगळे हसले. तो मोजत राहिला. शंभर झाल्यावर त्याने हात काढून पालथा केला आणि नुसता तिच्या तळपायाला टेकवला. तिने पाय ओढून घेतला नाही.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "छत्तीस पाच, सिस्टर."

मला राहवलं नाही. तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं, "इरफानभाऊ, चिल्ल्याच्या दिवशी मी तुम्हाले खोटा आकडा धाडला होता."

"मालूम हाय. अम्मीनं सांगितलं," तो म्हणाला. "तो मेसेज मी मिटवला नाई पण. त्या दिवशी तेवढा अर्धा घंटा मी लय खूश होतो, सिस्टर. तेवढा खूश मंग कधीच झालो नाई."



तीन महिन्यांनी तो परत सौदीला गेला. आता झोया फोनवर त्याच्याशी तासतासभर बोलते, त्याला आकडा लागत नाही. आणि मृण्मयीच्या पट्ट्या आता मोठ्या माणसांसाठीही निघाल्या आहेत. मीच तिचा नंबर अमोलला दिला होता, तिच्याकडूनच त्याने ही मागवली. म्हणजे हे मी माझ्याच हाताने ओढवून घेतलं.

पट्टीवर माझा राग नाही. तिने एक जीव माझ्या चुकीतून वाचवला आहे. अमोलवरही राग नाही. रोज सकाळी तो आकडा पाहतो, ठीक आहे म्हणतो आणि कामाला लागतो. पण त्याने एकदाही विचारलं नाही हो, हाताला कसं लागतं. आणि माझा हा हात, ज्याने हजारभर पोरांची पोटं चाचपली, तो आता दिवसभर मांडीवर पडून असतो. सकाळी कोणाच्या तरी दारात काखेत हात धरून उभं राहावं, आतून "सिस्टर आल्या" असं कोणी म्हणावं, ह्यासाठी जीव तुटतो. खोटं कशाला बोलू?

गेल्या मंगळवारी मी एक आगाऊपणा केला. चहा केला, स्टीलचा पेला ओट्यावर ठेवला, काखेखालची पट्टी अलगद सोडवली आणि पेल्यावर चिकटवली. रशीदाबीने पोराला घोर लागू नये म्हणून केलं होतं. मी लागावा म्हणून केलं.

तीन मिनिटांत फोन.

"आई! काय होतंय तुला? चव्वेचाळीस दाखवतंय!"

"मला काही नाही झालं. चहाला ताप आलाय."

तो भडकला. साहजिक आहे. मीटिंगमधून उठून पळत आलो, हा काय पोरखेळ आहे, खूप बोलला. मी ऐकून घेतलं. सात आठवड्यांनी आवाज ऐकत होते, बोलेना का काहीही. मग तो दमला.

"अमोल," मी म्हटलं, "तुझा उजवा हात काखेत धर."

"आई, प्लीज."

"धर म्हणते ना. लहानपणी तुला ताप आला की मी धरायची, आठवतं? कातडीला लागू दे. तेवढी आहे मी. शंभर मोज."

कुठलंसं दार लोटलेलं ऐकू आलं. मग अगदी बारीक आवाजात त्याने सुरुवात केली. एक, दोन, तीन. ऑफिसातल्या कोणाला ऐकू जाऊ नये असा मोजत होता. मी चहाच्या निवत चाललेल्या पेल्याकडे पाहत, फोन कानाशी घट्ट धरून उभी होते.

नव्व्याण्णव म्हणाला. शंभर म्हणाला.

मी वाट पाहत होते, आता ठेवतो म्हणेल.

एकशे एक, तो म्हणाला. एकशे दोन.